मित्राला सर्वांत शेवटी कळते

जपानच्या राजनैतिक वर्तुळात एकेकाळी ‘असाकाईंचे दुःस्वप्न’ असा शब्दप्रयोग चालत असे. कोइचिरो असाकाई हे वॉशिंग्टनमधले जपानचे राजदूत. एके दिवशी सकाळी उठावे आणि अमेरिकेने आपल्याला कळू न देता कम्युनिस्ट चीनशी सूत जुळवल्याची बातमी यावी, ही त्यांची धास्ती. १५ जुलै १९७१ रोजी जवळपास तसेच घडले. आपण चीनला जाणार असल्याचे रिचर्ड निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून जाहीर केले, तोवर त्यांचे सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर गुपचूप बीजिंगला जाऊनही आले होते. पंतप्रधान एसाकु सातो यांना ही वार्ता मिळाली ती भाषणाच्या काही मिनिटे आधी. ज्या अमेरिकेला दुखवायचे नाही म्हणून जपानने दोन दशके बीजिंगशी अधिकृत संबंध ठेवले नव्हते, तिनेच परस्पर दार उघडले होते.

महिनाभरात दुसरा तडाखा बसला. १५ ऑगस्टला निक्सन यांनी डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले आणि आयातीवर १० टक्के अधिभार लावला. निर्यातीवर उभ्या असलेल्या जपानला एका डॉलरला ३६० येन हा वर्षानुवर्षांचा दर डिसेंबरपर्यंत ३०८वर आणावा लागला. पुढच्याच वर्षी सातो पायउतार झाले, काकुएई तानाका आले आणि सप्टेंबर १९७२मध्ये त्यांनी चीनशी राजनैतिक संबंध प्रस्थापितही केले. खुद्द अमेरिकेला त्यासाठी १ जानेवारी १९७९ उजाडावा लागला.

चीनकडे वळण्याचा अमेरिकेचा निर्णय चुकीचा होता असे म्हणणे अवघड आहे. सोव्हिएत संघाला शह देण्याच्या हिशेबात तो चपखल बसत होता. पण महासत्तेला जे धोरण सोयीनुसार पुन्हा बदलता येते, त्याला प्रतिसाद म्हणून मित्रदेशाने जे उभारलेले असते ते तसे मोडता येत नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण सुएझचे. तशी सुरुवात त्याही आधीची आहे. १९१९मध्ये जर्मनीने पुन्हा हल्ला केल्यास मदतीला येऊ, अशी हमी अमेरिका आणि ब्रिटनने फ्रान्सला दिली होती. अमेरिकी सिनेटने करार मंजूर केला नाही आणि त्याबरोबर ब्रिटनची हमीही बारगळली. १९५६मध्ये मात्र फ्रान्स आणि ब्रिटन दोघेही एकाच वेळी तोंडघशी पडले. इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्देल नासर यांनी जुलैत सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, इस्रायलने ऑक्टोबरअखेर इजिप्तवर हल्ला चढवला आणि पाठोपाठ ब्रिटिश व फ्रेंच फौजा उतरल्या. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर डोळेझाक करतील, हा लंडनचा होरा होता. घडले उलटेच. पौंडाची घसरण सुरू झाली आणि ब्रिटनला नाणेनिधीकडून हवे असलेले पैसे अमेरिकेने अडवून धरले. सैन्य आगेकूच करत असतानाच ६ नोव्हेंबरला युद्धबंदी मान्य करावी लागली. जानेवारीत पंतप्रधान अँथनी ईडन यांनी राजीनामा दिला.

एकाच अपमानातून दोघांनी दोन वेगळे धडे घेतले. यापुढे वॉशिंग्टनपासून तसूभरही दूर जायचे नाही, हा ब्रिटनचा. १९५८मध्ये अण्वस्त्र सहकार्याचा करार झाला, १९६२मध्ये बहामातल्या नॅसॉच्या बैठकीत अमेरिकेची पाणबुडीवरून डागायची पोलारिस क्षेपणास्त्रे पदरात पडली. आज ब्रिटिश पाणबुड्यांवरील ट्रायडंट क्षेपणास्त्रेही अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातील किंग्ज बे तळावरच्या सामायिक साठ्यातून येतात. फ्रान्सने मात्र कुणावर विसंबायचे नाही असे ठरवले. १९६०मध्ये अल्जीरियाच्या वाळवंटात स्वतःचा बॉम्ब फोडला आणि १९६६मध्ये अध्यक्ष द गॉल यांनी नाटोच्या लष्करी यंत्रणेतून अंग काढून घेतले. नाटोचे मुख्यालय पॅरिसहून ब्रुसेल्सला गेले ते त्यामुळेच. फ्रान्स त्या यंत्रणेत परतला थेट २००९मध्ये.

पूर्व आशियात छोट्या मित्रांची गत याहून बिकट होती. १६ डिसेंबर १९७८च्या मध्यरात्रीनंतर तैपेईत अमेरिकी राजदूतांनी राष्ट्राध्यक्ष चियांग चिंग-क्वो यांना झोपेतून उठवून सांगितले, की अमेरिका तैवानशी राजनैतिक संबंध तोडत आहे. जिमी कार्टर यांची घोषणा त्यानंतर काही तासांतच झाली. त्या महिन्यात तैपेईला आलेल्या अमेरिकी शिष्टमंडळाच्या गाड्यांवर अंडी आणि टोमॅटो पडले. दक्षिण कोरियातून निक्सन यांनी १९७१मध्ये एक अख्खी डिव्हिजन, सुमारे २० हजार सैनिक, हलवली होती. सोल आणि तैपेई दोन्हीकडे या काळात अण्वस्त्रांचे छुपे कार्यक्रम चालू होते. ते थांबवायला पुन्हा अमेरिकेलाच दबाव आणावा लागला, हा यातला विनोद.

पाकिस्तानची कथा वेगळ्या जातीची. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा होत्या तोवर पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमाकडे कानाडोळा होत राहिला. फेब्रुवारी १९८९मध्ये त्या परतल्या आणि ऑक्टोबर १९९०मध्ये, पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही असे प्रमाणपत्र द्यायला थोरल्या बुश यांनी नकार दिला; प्रेसलर दुरुस्ती या अमेरिकी कायद्यानुसार त्याशिवाय पाकिस्तानला मदत देता येत नव्हती. पाकिस्तानने पैसे मोजलेली एफ-१६ विमाने बांधून झाली, पण ती ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली. १९९८मध्ये तडजोड झाली, तिच्यात रोख रकमेबरोबर गहूही होता. मैत्री गरजेपुरती असते, हे इस्लामाबादलाही आधीपासून ठाऊक होतेच. तेही त्याच हिशेबाने वागत होते.

डोनाल्ड ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीतली खळबळ या पार्श्वभूमीवर पाहायला हवी. मार्च २०२५मध्ये अमेरिकेने युक्रेनची लष्करी मदत आणि गुप्तवार्ता काही दिवस थांबवली. त्याच महिन्यात जर्मनीने संरक्षण खर्चासाठी राज्यघटनेतली कर्जमर्यादा सैल केली. जूनमध्ये हेगच्या बैठकीत नाटो देशांनी २०३५पर्यंत देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) ५ टक्के खर्चाचे उद्दिष्ट स्वीकारले. हे ट्रम्प यांचे यश म्हणता येईल. पण हत्यारे स्वतःची झाली की सल्लाही स्वतःचाच घेतला जातो.

जुलै २०२५मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने आपापल्या अण्वस्त्रदलांत समन्वय ठेवण्याचे जाहीर केले. आणि पोलंडने २०२२मध्ये रणगाडे व तोफा मागवल्या, त्यांतला मोठा वाटा दक्षिण कोरियाचा. त्या देशाने शस्त्रनिर्मितीचा पाया घातला तो १९७०च्या दशकात, अमेरिकी सैन्य निघून जाईल या भीतीने.