'आता आराम कर' कुठून आलं?

कंबरेचं ऑपरेशन झालेल्याला भेटायला येणारा प्रत्येक जण हेच सांगतो. या सल्ल्यामागचं कारण कधीच मागे पडलं, सल्ला तेवढा टिकला.

1934 साली बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या सर्जननी 19 रुग्णांची हकिगत छापली. तोवर मणक्याच्या पोकळीत सापडणारा तुकडा बहुधा गाठ समजूनच काढला जाई. ती दोन मणक्यांमधली फुटून सरकलेली गादी (डिस्क) आहे आणि पायात उतरणारी कळ तिचीच आहे, हे त्यांनी दाखवलं. ऑपरेशन मात्र दांडगं होतं: पाठीचे स्नायू हाडापासून सोडवायचे, मणक्याची मागची कमान कापायची, मग गादीला हात घालायचा. एवढी चिरफाड झाल्यावर रुग्णाला पडून राहायला सांगणं साहजिकच होतं. पडून राहिल्याने स्नायू वाळतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, असं लंडनचे डॉ. रिचर्ड ॲशर 1947 मध्ये बजावत होते. पण पाठीच्या बाबतीत भीतीचं पारडं जड राहिलं.

त्यात स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांच्या मोजमापांची भर पडली. 1960 च्या दशकात त्यांनी जिवंत माणसाच्या गादीत सुई घालून दाब मोजला. उभं असताना 100 धरला तर बसल्यावर सुमारे 140, उताणं पडल्यावर 25. झालं! 'बसू नका' या पथ्याला आकड्यांचा आधार मिळाला. पुढे 1999 मध्ये जर्मनीतल्या हान्स-योआखिम विल्के यांच्या गटाने पुन्हा मोजलं, तर नुसतं बसल्यावरचा दाब उभं राहण्यापेक्षा किंचित कमीच निघाला. अर्थात, ते मोजमाप एकाच माणसावरचं होतं. तरी बसण्याचा एवढा धसका घ्यायची गरज नव्हती, असं मला वाटतं.

दरम्यान 1977 च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली ऑपरेशन होऊ लागलं आणि चीर काही सेंटिमीटरवर आली. 1996 मध्ये अमेरिकेत यूजीन कॅरागी यांनी गादीच्या ऑपरेशननंतर 50 रुग्णांना कसलंच पथ्य घातलं नाही. कामावर परतायला त्यांना सरासरी दोन आठवडेही लागले नाहीत. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2014 च्या आढाव्यात 22 चाचण्या तपासल्या गेल्या. चार ते सहा आठवड्यांनी व्यायाम सुरू करणाऱ्यांचं दुखणं, काहीच न करणाऱ्यांपेक्षा लवकर कमी झालेलं दिसलं. पुरावा फार भक्कम नव्हता. पण व्यायामामुळे पुन्हा ऑपरेशनची पाळी येते, असंही आढळलं नाही.

मणके जोडण्याचं ऑपरेशन, म्हणजे फ्युजन, यात धरू नये. 1911 पासून चालत आलेल्या त्या शस्त्रक्रियेत हाड सांधायला महिने लागतात, म्हणून वजन उचलणं आणि कंबर पिळणं काही काळ बंदच असतं.

पलंगावरून उठायची रीत मात्र दोन्हीकडे सारखीच शिकवतात. गुडघे वाकवायचे, खांदा आणि खुबा एकदम फिरवत ओंडक्यासारखं कुशीवर वळायचं. मग पाय पलंगाखाली सोडता सोडता कोपराने रेटा द्यायचा. हे बहुतेकांना पहिल्या खेपेस जमत नाही. खांदा आधी वळतो, कंबर मागे राहते आणि फिजिओथेरपिस्ट म्हणतो, 'परत आडवे व्हा.'