घाटेअळीच्या जनुकांत काय दडलंय?

हरभऱ्याच्या घाट्यात डोकं खुपसून निम्मं अंग बाहेर ठेवलेली अळी कपाशीवर गेली की बोंडअळी होते, टोमॅटोवर गेली की फळ पोखरणारी अळी. नावं बदलतात, कीड एकच: हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. 180 हून अधिक वनस्पतींवर ती जगते. रेशमाची अळी मात्र तुतीच्या पानावरच अडून बसते. दोन्ही पतंगांच्याच अळ्या, मग एक अधाशी आणि दुसरी हट्टी का?

2017 मध्ये घाटेअळीचा जीनोम, म्हणजे तिच्या डीएनएचा संपूर्ण मजकूर, प्रसिद्ध झाला. सुमारे 33 कोटी 70 लाख अक्षरं, म्हणजे माणसाच्या जीनोमचा साधारण नववा हिस्सा, आणि त्यात 17,086 जनुकं. चव ओळखणारे ग्राही बनवणारी जनुकं तिच्याकडे 200 च्या आसपास निघाली, रेशमाच्या अळीकडे 70 च्या आसपास. विष पचवणाऱ्या विकरांची (एन्झाइम्सची) जनुकंही भरपूर. कोडं सुटलं असं वाटतं, पण नुसती मोजदाद फसवी असते. रेशमाच्या अळीतलं कडू चव ओळखणारं एकच जनुक बंद केलं, तेव्हा ती फळं आणि धान्याचे दाणेही खाऊ लागली. म्हणजे तुतीचा हट्ट बऱ्याच अंशी त्या एका जनुकाचा होता.

मला जास्त नवल वाटतं ते सीवायपी337बी3 या जनुकाचं. नाव वाहनाच्या नंबरप्लेटसारखं, पण गोष्ट झकास. घाटेअळीत दोन सारखी जनुकं शेजारी शेजारी असतात. अंडं किंवा शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांची देवाणघेवाण होते; त्यात जोडणी सरकली आणि एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला चिकटलं. मूळ दोघांपैकी एकालाही फेनव्हॅलरेट हे कीटकनाशक निकामी करता येत नव्हतं. या जोडजनुकाच्या विकराला ते जमतं. हे 2012 मध्ये उघड झालं. पुढे कळलं की असा अपघात एकदाच नव्हे, वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे अनेकदा घडलाय. फवारणी जोडजनुक घडवत नाही. ते ज्यांच्यात असतं त्यांना तेवढं मागे ठेवते.

अमेरिका खंडात या अळीची बहीण आहे, हेलिकोव्हर्पा झीया. दोघींच्या वाटा सुमारे 15 लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या आणि वाटेत झीयाने चवीची व विष पचवण्याची बरीच जनुकं गमावली. 2013 मध्ये आर्मिजेरा ब्राझीलमध्ये असल्याचं जाहीर झालं. नंतर तिथल्या झीया पतंगांचे जीनोम तपासले, तर डीएनएच्या बहुतेक भागांत ते झीयाचेच होते. पण काहींत आर्मिजेराचा एक तुकडा शिरलेला दिसला. दोन जातींचा संकर झाला होता, पुढच्या पिढ्यांत पाहुणीचा बाकीचा डीएनए जवळपास पुसला गेला होता, आणि त्या उरलेल्या तुकड्यात होतं सीवायपी337बी3.