दर्जानिहाय व्हिडिओ कॅशिंग

इंटरनेटवरच्या व्हिडिओचे तुकडे दर वेळी मूळ सर्व्हरवरून न आणता प्रेक्षकाजवळच्या सर्व्हरवर साठवून ठेवण्याची पद्धत. एकच व्हिडिओ २४०पी ते १०८०पी अशा अनेक दर्जांत तयार केलेला असतो आणि दर दर्जाची फाइल वेगळी असते. त्यामुळे कोणता दर्जा जवळ ठेवायचा, हाच यातला मुख्य प्रश्न.

व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी पाठवण्याची अ‍ॅपलची एचएलएस पद्धत (२००९) किंवा त्याच कामाचे डॅश हे मानक (२०१२) वापरताना व्हिडिओचे साधारण २ ते १० सेकंदांचे तुकडे करतात. नेटचा वेग बघून प्लेअर पुढच्या तुकड्याचा दर्जा ठरवतो. सेकंदाला ५ मेगाबिटचा तासभराचा व्हिडिओ २.२५ जीबी जागा घेतो, अर्ध्या मेगाबिटचा २२५ एमबी. सोलापुरात कुणी टीव्हीवर १०८०पी लावतो, कुणी कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत मोबाइल डेटावर तोच व्हिडिओ ३६०पीमध्ये बघतो. पाहणारे दोन, पण एकासाठी साठवलेला तुकडा दुसऱ्याच्या कामाचा नाही. जुने, न मागितलेले तुकडे आधी काढण्याची नेहमीची रीत इथे अपुरी पडते, कारण लोकप्रिय व्हिडिओची मागणीही दर्जादर्जांत विभागलेली दिसते.

सर्वांत फसवी अडचण वेगळीच आहे. समजा, सोलापुरातल्या कॅशेत, म्हणजे जवळच्या सर्व्हरवरच्या साठ्यात, ३६०पीचे तुकडे आहेत. ते झटकन येतात, प्लेअरला नेट वेगवान वाटते आणि तो ७२०पी मागतो. तो तुकडा पुण्या-मुंबईहून आणावा लागतो, उशीर होतो, प्लेअर पुन्हा खाली उतरतो. चित्र सतत स्पष्ट-अस्पष्ट होत राहते. म्हणून अनेक दर्जांचे विखुरलेले तुकडे ठेवण्यापेक्षा एका दर्जाचे सलग तुकडे ठेवणे प्रेक्षकाच्या अधिक हिताचे. सुरुवातीचे काही तुकडे मात्र सगळ्या दर्जांत ठेवावेत, कारण बरेच जण तेवढेच पाहून निघून जातात. फक्त वरचा दर्जा साठवून खालचे मागणीनुसार बनवताही येतात. त्यात जागा वाचते, प्रोसेसरवरचा भार वाढतो.

मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी बोलणाऱ्या सोलापूरला आवाजाची फाइल वेगळी ठेवणे फार उपयोगाचे. चित्र-आवाज एकत्र असतील तर ५ दर्जा आणि ४ भाषांच्या २० फाइली होतात, वेगळे ठेवले तर ९.

थेट प्रक्षेपणात हिशेब पालटतो. सिद्धेश्वर यात्रेतला संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा पाहणारे सगळे एकाच क्षणी जवळपास तोच तुकडा मागतात. तेव्हा दीर्घ साठवणीला अर्थ नसतो. दर दर्जाची पहिली मागणी तेवढी मूळ सर्व्हरकडे पाठवायची, बाकीच्या थांबवून धरायच्या आणि तुकडा येताच सर्वांना एकदम वाटायचा.