मांजर सूड म्हणून अंथरुण ओले करत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत एक समज पक्का आहे: दुसरे मांजर आणले की पहिले डूख धरते आणि मुद्दाम अंथरुणावर मुतते. हा समज चुकीचा आहे. मांजर आपली हद्द वासाने ओळखते. खाण्याची थाळी आणि शी-शूसाठी माती भरून ठेवलेले घमेले एकाच कोपऱ्यात असले आणि तिथे जाण्याची वाट दुसऱ्याने अडवली, तर दबलेले मांजर सुरक्षित वाटेल तिथे उरकून घेते. ही अडवणूक बहुधा निःशब्द असते, नुसते दारात बसून रोखून पाहण्याची, म्हणून माणसांना ती दिसतच नाही. खानापूरच्या मुसळधार पावसात परसात जाणारी मांजरे घरातच अडकली, की ताण वाढणारच.

उभ्या भिंतीवर शेपूट ताठ करून मारलेली पिचकारी वेगळी. ती हद्दीची खूण असून नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांत ती थांबते किंवा कमी होते. मांजराचे नाक त्या जागी घासण्याची जुनी शिक्षा तर निव्वळ क्रूर आहे, कारण तिने भीतीच वाढते. दोन मांजरांना तीन घमेली, तीही वेगवेगळ्या खोल्यांत, ठेवावीत. ओली झालेली जागा फिनेलने पुसू नये, त्यातील फिनॉल मांजरांना विषारी असते. लघवीचा वास मोडणारे एन्झाइमयुक्त द्रावण वापरावे. मात्र बोका वारंवार कुंथत असून लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. त्याला तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे, कारण एक-दोन दिवसांत ते जिवावर बेतते.