कानाच्या नसेवरची गाठ: ऑपरेशन लगेच, की आधी नजर ठेवायची?

उजव्या कानाला फोन लावला की आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. डाव्याला लावला की सगळे स्पष्ट. एकाच कानाचे ऐकणे असे कमी होत असेल, त्याच कानात सतत शिट्टी वाजत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची चाचणी, झाल्यावर ईएनटी डॉक्टर एमआरआय सांगतात. बहुतेकांच्या एमआरआयमध्ये काही निघत नाही. थोड्यांच्या रिपोर्टवर ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’ असे लिहून येते आणि ‘डोक्यात गाठ’ म्हणून घर हादरते.

ही गाठ कर्करोगाची नसते. आठव्या नसेची एक शाखा ऐकण्याची आणि दुसरी तोलाची. तोलाच्या शाखेभोवती आवरण करणाऱ्या पेशींपासून (त्यांना श्वान पेशी म्हणतात) ही गाठ वाढते. जागा मात्र अडचणीची. कवटीच्या हाडातल्या सुमारे एक सेंटीमीटर लांबीच्या बोगद्यात आठव्या नसेला खेटूनच चेहरा हलवणारी सातवी नस जाते. ऑपरेशनमध्ये त्या नसेला धक्का लागला तर डोळा मिटत नाही, ओठ एका बाजूला ओढला जातो. त्या कानाचे ऐकणे जाऊ शकते, मेंदूभोवतीचे पाणी गळू शकते. म्हणून लहान गाठीसाठी पहिला प्रश्न असतो: ती वाढते आहे का?

डेन्मार्कमधल्या 552 रुग्णांची पाहणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. बोगद्यातच असलेल्या गाठींपैकी 17 टक्के बाहेर आल्या. आधीच बाहेर आलेल्यांपैकी सुमारे 29 टक्के 2 मिलिमीटरहून जास्त वाढल्या. वाढ दिसली ती निदानानंतरच्या पाच वर्षांत. नॉर्वेतल्या 2023 च्या चाचणीत 2 सेंटीमीटरपेक्षा लहान गाठींचे 100 रुग्ण होते. निम्म्यांना लगेच किरणोपचार दिले, निम्म्यांवर नजर ठेवली. चार वर्षांनी किरणोपचारांच्या गटात गाठी अधिक आक्रसलेल्या होत्या, पण ऐकण्यात फरक नव्हता. नजर ठेवलेल्या 50 पैकी 28 जणांना त्या चार वर्षांत कोणताच उपचार लागला नाही.

वेळापत्रक साधारण असे: निदानानंतर सहा महिन्यांनी एमआरआय, मग पाच वर्षे दरवर्षी, नंतर अंतर वाढवत न्यायचे. क्वचित उशिरानेही वाढ होते, त्यामुळे नजर पूर्ण काढून घेत नाहीत. प्रत्येक वेळी ऑडिओग्रामही हवा, आणि त्यात नुसते सूर ऐकू येतात का एवढे न बघता शब्द ओळखण्याची टक्केवारीसुद्धा.

घोळ होतो तो मोजण्यात. रुग्णालयातली तारीख लांबची म्हणून एक स्कॅन ठाण्याला, पुढचा सवलत मिळाली म्हणून अंधेरीला. एका मशीनवर काप 1 मिलिमीटरचे, दुसऱ्यावर 3 चे. एका रिपोर्टमध्ये बोगद्यातला भाग धरून माप, दुसऱ्यात फक्त बाहेरचे. 2 मिलिमीटरच्या फरकावर निर्णय ठरणार असताना अशी मापे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. शक्यतो एकाच सेंटरला, पातळ कापांचा स्कॅन करावा. प्रत्येक वेळची मूळ सीडी मागून घ्यावी, कारण छापील फिल्मवर नेमके मोजता येत नाही. आणि तुलना फक्त मागच्या स्कॅनशी न करता पहिल्याशीही करायला सांगावे. दरवर्षी अर्धा मिलिमीटर वाढणारी गाठ मागच्या स्कॅनशेजारी कायम ‘तशीच आहे’ दिसते. पाच वर्षांत ती अडीच मिलिमीटरने वाढलेली असते.

फॉलो-अपला बऱ्याचदा कॉन्ट्रास्टशिवायचा, म्हणजे शिरेतून औषध न टोचता केलेला, बारीक कापांचा टी-टू प्रकारचा एमआरआय पुरतो. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हे आवर्जून विचारावे.

एक गोष्ट रुग्णांना बऱ्याचदा उशिरा कळते. गाठ जागच्या जागी राहिली तरी त्या कानाचे ऐकणे हळूहळू खालावू शकते, आणि तेवढ्यावरून थांबण्याचा निर्णय चुकला असे ठरत नाही. तोलासाठी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावेत. तोलाची नस कमकुवत झाली की शरीर डोळे आणि तळपाय यांच्या भरवशावर चालते; म्हणून पावसाळ्यात, अंधारात, उखडलेल्या फुटपाथवर पडण्याची भीती सर्वाधिक. समुद्रात खोल पाण्यात एकट्याने जाऊ नये, पाण्याखाली वर-खाली कळेनासे होते.

थांबणे सगळ्यांसाठी नाही. गाठ मेंदूच्या देठाला दाबत असेल किंवा डोक्यात पाणी साठत असेल, तर वाट बघण्यात अर्थ नाही. दोन्ही कानांच्या नसांवर गाठी असतील तर तो आनुवंशिक आजार असतो आणि त्याचे गणित वेगळे. पस्तिशीतल्या माणसाला पुढे चाळीस-पन्नास वर्षे स्कॅन करावे लागतील, सत्तरीतल्याला तेवढे नाहीत. हे बोलणे पहिल्याच भेटीत व्हायला हवे.

चेहऱ्याला बधिरपणा, डोकेदुखीसोबत उलट्या, दोन-दोन दिसणे, गिळायला त्रास किंवा चालताना लडखडणे सुरू झाले, तर पुढच्या स्कॅनच्या तारखेपर्यंत थांबू नये. ऐकणे एका दिवसात एकदम गेले तर त्याच दिवशी ईएनटी गाठावा: स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा असेल तर तो सुरुवातीच्या दिवसांतच होतो.