लिंबूवर्गीय व्हाइट चॉकलेट ट्रफल

व्हाइट चॉकलेट, क्रीम, लोणी आणि लिंबू, संत्रे यांसारख्या फळांची साल व रस यांपासून ओव्हनशिवाय केली जाणारी, एका घासाची मऊ गोड गोळी. यात पीठ नाही, अंडे नाही, त्यामुळे भाजण्यासारखे काही उरतच नाही. गोळी आकार धरते ती चॉकलेटमधले कोको बटर थंड होऊन गोठते म्हणून. ट्रफल हे मुळात जमिनीखाली वाढणाऱ्या एका महागड्या कवकाचे नाव. कोको पावडरीत घोळलेली ओबडधोबड गोळी मातीने माखलेल्या त्या कवकासारखी दिसते, म्हणून मिठाईलाही तेच नाव पडले. तेव्हा गोळ्या अगदी गोल, एकसारख्या झाल्या नाहीत तरी बिघडत नाही.

करायला हा प्रकार सोपा समजला जातो आणि बहुतेक वेळा तो बिघडतो तो एकाच कारणाने: पाणी. लिंबाचा स्वाद हवा म्हणून रस घातला की त्याबरोबर पाणी येते, आणि मिश्रण घट्ट व्हायचे थांबते. स्वाद पुरेपूर यावा पण पाणी कमीत कमी यावे, एवढ्यासाठीच पुढची सारी मापे आणि क्रम आहेत.

व्हाइट चॉकलेट

व्हाइट चॉकलेटमध्ये कोको बटर, दुधाचे घन पदार्थ आणि साखर असते. कोकोचा तपकिरी चोथा नसतो. युरोपीय संघ आणि अमेरिका या दोन्हींच्या नियमांप्रमाणे त्यात किमान २० टक्के कोको बटर आणि १४ टक्के दुधाचे घन पदार्थ असावे लागतात. अमेरिकी नियमात साखरेची कमाल मर्यादा ५५ टक्के आहे. म्हणजे निम्म्याच्या आसपास साखरच. म्हणून ट्रफलमध्ये वरून साखर घालायची नसते, आणि म्हणूनच आंबट फळाशी याची जोडी डार्क चॉकलेटपेक्षा जास्त जमते.

वेष्टनावरचे घटक वाचून घ्यावेत. 'कोको बटर' असे लिहिलेले असेल तर ते चॉकलेट. त्याच्या जागी पाम किंवा दुसरे वनस्पती तेल असेल तर ते कंपाउंड. कंपाउंड वितळवायला सोपे आणि वरच्या आवरणाला चालते, पण आतल्या मिश्रणात ते जिभेवर मेणचट लागते. कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सियसला, म्हणजे तोंडातल्या उष्णतेने वितळते. ट्रफलची सगळी गंमत त्यात आहे. चॉकलेट चिप्सही टाळाव्यात. उष्णतेत आकार टिकावा म्हणून त्या बनवलेल्या असतात आणि नीट पातळ होत नाहीत.

साल आणि रस

या फळांचा सुगंध सालीच्या रंगीत थरातल्या बारीक तेलग्रंथींत असतो. संत्र्याची साल दुमडून नखाने दाबली की जो तुषार उडतो तेच हे तेल. ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात चटकन उतरते. क्रीम, लोणी आणि कोको बटर यांच्या मिश्रणाला याहून सोयीचे काही नाही, कारण सालीमुळे जवळजवळ न भिजवता भरपूर वास मिळतो. रसात वास थोडा, आंबटपणा जास्त. म्हणून सुगंधासाठी साल आणि आंबटपणापुरता रस, अशी वाटणी करावी.

फळ कोमट पाण्यात ब्रशने घासून धुवावे व कोरडे पुसावे, कारण दुकानातल्या फळांवर बहुधा मेणाचा हात दिलेला असतो. बारीक किसणीवर फळ एकेका जागी एकदाच हलके ओढावे आणि फिरवत जावे. त्याच जागी दुसऱ्यांदा किसले की खालचा पांढरा पापुद्रा येतो, आणि तो कडू असतो. व्हाइट चॉकलेटमध्ये कडवटपणा झाकायला कोको नाही, त्यामुळे इथे तो लगेच कळतो. कीस आधी करून ठेवू नये. तेल उडून जाते. रस मात्र फळ किसून झाल्यावर काढावा, कारण पिळलेले फळ किसता येत नाही.

मोठ्या पिवळ्या लिंबाच्या सालीचा वास गोडसर. कागदी लिंबाचा तिखट, जरा रानटी, आणि साल पातळ असल्याने कडू भाग लवकर लागतो. संत्र्याचा आणि मोसंबीचा रस ट्रफलसाठी फिका पडतो. तो हवाच असेल तर १०० मिलिलिटर रस मंद आचेवर आटवून दोन टेबलस्पून करावा व त्यात चहाचा एक चमचा लिंबाचा रस मिसळावा. आटवताना ताजा वास जातो, तो सालीने भरून निघतो. मोसंबीचा आणि काही जातींच्या संत्र्यांचा रस काढून ठेवला तर तासा-दोन तासांत कडू होऊ लागतो, कारण त्यात लिमोनिन हे कडू द्रव्य हळूहळू तयार होते. तेव्हा रस ऐन वेळी पिळावा.

प्रमाण

साधारण १५ ग्रॅमच्या २७-२८ गोळ्यांसाठी ३०० ग्रॅम व्हाइट चॉकलेट, ३५ टक्के स्निग्धांशाचे ९० मिलिलिटर क्रीम, ३० ग्रॅम बिनमिठाचे लोणी, दोन मोठ्या लिंबांच्या किंवा एका मोठ्या संत्र्याच्या सालीचा कीस, चहाचे दोन चमचे लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घ्यावे. मीठ वगळू नये. त्यावाचून ट्रफल नुसते गोड लागते.

चॉकलेट आणि क्रीम यांचे हे सुमारे तीनास एक प्रमाण डार्क चॉकलेटच्या हिशेबाने जास्त वाटेल, पण पांढऱ्यात गाभा घट्ट करणारा कोकोचा चोथा नसल्यामुळे ते लागतेच. डार्कसाठी चालणारे दोनास एक प्रमाण इथे वापरले तर गोळी वळत नाही, चमच्याला चिकटून राहते. वरच्या मापातल्या क्रीममध्ये साधारण ५५ ग्रॅम पाणी असते. दोन चमचे रसाने त्यात आणखी ९ ग्रॅमची, म्हणजे सहाव्या हिश्श्याची भर पडते. तीन चमच्यांच्या पुढे रस न्यायचा तर क्रीम तेवढेच कमी करावे. २५ टक्के स्निग्धांशाचे क्रीम असेल तर ते ७५ मिलिलिटरच घ्यावे. केकवर फेटून लावायचे वनस्पतिजन्य टॉपिंग इथे चालत नाही, कारण त्यात आधीच साखर व स्थिरक असतात.

जास्तच आंबट हवे असेल तर रस वाढवण्याऐवजी सायट्रिक अ‍ॅसिडचे पाव चमचा बारीक दाणे त्याच रसात विरघळवावेत. पाणी न वाढवता आंबटपणा चढवायचा तो सर्वांत स्वच्छ मार्ग.

कृती

क्रीममध्ये कीस घालून मंद आचेवर ठेवावे. कडेने बारीक बुडबुडे दिसले की उतरवावे. उकळी आणू नये. झाकून १५ मिनिटे मुरू द्यावे, मग गाळणीतून गाळून कीस चमच्याने दाबून घ्यावा. किसात बरेच क्रीम अडकते, म्हणून गाळल्यावर पुन्हा मोजून ९० मिलिलिटर भरून काढावे. इथे मोजायचे राहिले की मिश्रण रवाळ होते, आणि दोष चॉकलेटला दिला जातो. कीस दाताखाली आलेला आवडत असेल तर गाळू नये. तो अगदी बारीक मात्र असावा.

दरम्यान चॉकलेट सुरीने बारीक चिरून गरम पाण्याच्या वाफेवर ठेवावे. वरच्या भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. निम्मे वितळले की काढून घ्यावे. फक्त गरम क्रीम ओतून चॉकलेट वितळवण्याची नेहमीची रीत इथे पुरत नाही, कारण एवढ्याशा क्रीममध्ये ३०० ग्रॅम चॉकलेट वितळवण्याइतकी उष्णता नसते. तळाशी गुठळ्या राहतात. मायक्रोवेव्हमध्ये करायचे तर निम्म्या शक्तीवर २० सेकंदांच्या फेऱ्या कराव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर ढवळावे. दुधाचे घन पदार्थ आणि साखर यांमुळे व्हाइट चॉकलेट पटकन करपते. तापमान ४५ अंशांच्या वर जाऊ देऊ नये. भांडे, चमचा, सुरी कोरडी ठक्क हवीत. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन थेंब पडले तर साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळे आखडून गोळा होतो. गमतीचा भाग असा की थोडे पाणी घातक, पुरेसे पाणी निरुपद्रवी. म्हणूनच ९० मिलिलिटर क्रीम चालते आणि वाफेचा थेंब चालत नाही.

गाळलेले क्रीम पुन्हा वाफाळेपर्यंत तापवून चॉकलेटवर तीन हप्त्यांत घालावे. पहिल्या हप्त्याला मिश्रण फाटल्यासारखे, तुपकट दिसते. घाबरू नये. स्पॅच्युलाने मधोमध लहान वर्तुळात ढवळत बाहेर यावे. दुसऱ्या-तिसऱ्या हप्त्याला ते चकचकीत, लवचीक होते. या मिश्रणाला गनाश म्हणतात. ते ३५ अंशांवर आले, म्हणजे भांडे हाताला जेमतेम कोमट लागले, की मऊ लोणी व मीठ मिसळावे आणि शेवटी रस थेंब-थेंब घालत ढवळावे. रस गरम क्रीममध्ये सुरुवातीलाच घातला तर दुधातली प्रथिने साकळून दाणे पडतात. कोमट, जमलेल्या गनाशमध्ये स्निग्धांश भरपूर असल्याने तो धोका फार कमी.

पसरट भांड्यात ओतून पृष्ठभागाला चिकटेल अशी क्लिंग फिल्म लावावी. तासभर बाहेर ठेवून मग फ्रिजमध्ये किमान चार तास, शक्यतो रात्रभर ठेवावे. कोको बटरचे स्फटिक सावकाश बनतात. तासाभरात घट्ट दिसले तरी वळायला घेतल्यावर ते ढिले पडते.

वळताना

तळहाताची उष्णता कोको बटरच्या वितळबिंदूच्या अगदी जवळ असते. गोळी तीन-चार फेऱ्यांत वळून झाली पाहिजे, नाहीतर ती हातावर लोण्यासारखी पसरते. हात थंड पाण्याखाली धरून कोरडे पुसावेत. आधी चमच्याने सगळे ढीग बटर पेपरवर काढून पंधरा मिनिटे गार करावेत, आणि मग दहा-दहाच्या गटाने वळावेत. पिठीसाखर तळहाताला लावून वळणे सोपे, पण फ्रिजमध्ये ती ओलावा ओढून पाघळते. पिठीसाखरेत घोळायचेच असेल तर ते वाढण्यापूर्वी करावे. सुके खोबरे, पिस्त्याचा भरड चुरा किंवा सालीचा कीस चोळून वाळवलेली साखर जास्त टिकते.

चॉकलेटचे कडक आवरण हवे असेल तर २०० ग्रॅम व्हाइट चॉकलेट टेम्पर करावे लागते, म्हणजे कोको बटर चकचकीत, कडक गोठावे म्हणून ते ठरावीक तापमानांतून तापवून गार करावे लागते. दोन तृतीयांश ४२ अंशांपर्यंत वितळवावे, उरलेले बारीक चिरून त्यात घालावे, ढवळत २७ अंशांवर आणावे आणि २८-२९ अंशांवर वापरावे. सुरीच्या टोकाला लावलेला थर पाच मिनिटांत चकचकीत होऊन सुकला की जमले. टेम्पर न केलेले आवरण चिकट राहते आणि दोन दिवसांत त्यावर डाग उठतात. गोळ्या फ्रिजमधून काढल्या-काढल्या बुडवू नयेत: थंड गाभा नंतर फुगतो, कवच तडकते आणि फटीतून गनाश पाझरते. अर्धा तास बाहेर ठेवून बुडवाव्यात. आवरणाला रंग द्यायचा तर तेलात मिसळणाराच वापरावा. पाण्यातल्या रंगाने चॉकलेट आखडते.

बिघाड

गनाशवर पिवळे तूप सुटले असेल तर ते जास्त तापले किंवा क्रीम कमी पडले. हलके कोमट करून चहाचा एक चमचा गरम दूध घालावे आणि हँड ब्लेंडर बुडवून, हवा न शिरू देता फिरवावे. बहुतेक वेळा जुळून येते. रात्रभरानंतरही मिश्रण सैल असेल तर ते कोमट करून ४० ग्रॅम वितळलेले चॉकलेट मिसळावे व पुन्हा गार करावे. फ्रीझरमध्ये टाकून घट्ट करणे हा उपाय नव्हे, बाहेर काढताच ते पुन्हा सैल होते. रसाने पडलेले दाणे मात्र ढवळून जात नाहीत. कोमट असतानाच बारीक गाळणीतून काढावे, किंवा सरळ त्यात बिस्किटांचा चुरा मिसळून दुसऱ्या प्रकाराकडे वळावे.

इतर प्रकार

तो दुसरा प्रकार असा: २०० ग्रॅम साध्या बिस्किटांचा चुरा, १५० ग्रॅम वितळलेले व्हाइट चॉकलेट, ६० ग्रॅम लोणी, कीस आणि दोन टेबलस्पून रस. चुरा पाणी शोषतो, म्हणून इथे रस मोकळ्या हाताने घालता येतो, आणि थर्मामीटरही लागत नाही. क्रीम चीजच्या प्रकारात २५० ग्रॅम चॉकलेटला ११५ ग्रॅम क्रीम चीज लागते. क्रीम चीज मुळातच आंबट असल्याने लिंबाने ते बिघडत नाही, मात्र पोत रेशमी न राहता पेढ्यासारखा दाट होतो. लिंबासाठी तो उत्तम. संत्र्याचा नाजूक वास त्यात दबतो.

साठवण

ताजे क्रीम असल्यामुळे ट्रफल हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवावेत. डब्यात कांदा-लसणाचा शेजार नको. कोको बटर वास पटकन ओढून घेते. फ्रीझरमध्ये ते दोन महिने राहतात. काढताना डबा न उघडता आधी रात्रभर फ्रिजमध्ये आणि मग अर्धा तास बाहेर ठेवावा. थंड ट्रफलवर बाहेरची हवा लागली की दव साचते, साखर विरघळते आणि सुकल्यावर खरखरीत पांढुरका थर उरतो. ट्रफल फ्रिजच्या थंडीत खाल्ले तर सालीचा वास जाणवत नाही. तो सुटायला गोळी खोलीच्या तापमानाला यावी लागते.