ट्रिटियमचा क्षय की न्यूट्रिनोचं चुंबकीय आघूर्ण?

इटलीत ग्रान सास्सो डोंगराखाली, सुमारे १४०० मीटर खडकाच्या आड असलेल्या झेनॉन-१टी या द्रवरूप झेनॉनने भरलेल्या कणशोधकाने २०२० साली १ ते ७ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेच्या पट्ट्यात इलेक्ट्रॉनच्या हालचालीच्या २८५ घटना जाहीर केल्या. अपेक्षा २३२ च्या आसपास होती. सूर्यातून येऊ शकणारे अ‍ॅक्सिऑन हे काल्पनिक कण बाजूला ठेवले, तर संशयित दोन: सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांचं मोठं चुंबकीय आघूर्ण (म्हणजे छोट्या चुंबकासारखं वागण्याची ताकद), किंवा झेनॉनमध्ये मिसळलेलं ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार. त्यासाठी एक किलो झेनॉनमागे ट्रिटियमचे तीनहून कमी अणू पुरले असते!

एकेक घटना तपासून निवाडा होत नाही. क्षयातून सुटलेला इलेक्ट्रॉन असो वा न्यूट्रिनोच्या धक्क्याने उडालेला, दोघांचा प्रकाश आणि विद्युतभार सारखाच. फरक शोधायचा तो वर्णपटाच्या, म्हणजे कोणत्या ऊर्जेला किती घटना याच्या आलेखाच्या, आकारात.

ट्रिटियमचा वर्णपट खालच्या ऊर्जांना फुगतो आणि १८.६ केईव्हीला संपतो. चुंबकीय आघूर्णामुळे न्यूट्रिनो इलेक्ट्रॉनला धडकण्याचा आलेख मात्र खाली जाताना चढतच राहतो: इलेक्ट्रॉनला मिळणारी ऊर्जा निम्मी, तर शक्यता जवळपास दुप्पट. अडचण शोधकाची आहे. घटना ग्राह्य धरायला किमान तीन प्रकाशनलिकांनी (प्रकाश टिपणाऱ्या संवेदकांनी) एकाच वेळी प्रकाश टिपावा लागतो. २ केईव्हीखाली प्रकाशच तुटपुंजा, त्यामुळे बऱ्याच घटना गळतात, चढण कापली जाते आणि तिथेही २-३ केईव्हीपाशी उंचवटाच उरतो. पन्नासेक जादा घटनांत हे दोन उंचवटे वेगळे करणं अवघड.

अशा वेळी आलेखाशी झटण्यापेक्षा एका संशयिताचं प्रमाण मुद्दाम बदलणं जास्त खात्रीचं. झेनॉन-एनटी या पुढच्या शोधकात तेच केलं. भरण्याआधी भांडं सुमारे तीन महिने निर्वातात ठेवून आतल्या भागांतलं पाणी व हायड्रोजन काढले. नंतर हायड्रोजन शोषणारा गेटर वगळून १४.३ दिवस मोजणी केली. ट्रिटियम असतं, तर या काळात ते ठळकपणे वाढलं असतं. वाढ दिसली नाही. मुख्य मोजणीतही जादा घटना नव्हत्या.

२०२२ ची मर्यादा अशी: बोर मॅग्नेटॉन (चुंबकीय आघूर्णाचं एकक) घेऊन त्याचे लाख कोटी भाग केले, तर सौर न्यूट्रिनोंचं प्रभावी आघूर्ण ६.४ भागांपेक्षा कमी. झेनॉन-१टीच्या उंचवट्याला १४ ते २९ भाग लागत होते, म्हणजे तो अर्थ बाद झाला. १टीमध्ये ट्रिटियम होतं की नाही, याचा पुरावा मात्र यातून मिळत नाही. तो झेनॉन वेगळ्या भांड्यात, वेगळ्या शुद्धीकरणाखाली होता.